पायताण बांधून घेताना

सातारा-सांगलीच्या माणसाला कोल्हापुरी हवी असली की तो थेट कोल्हापूरच्या चप्पल लाईनची वाट धरतो. पण २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले. कोल्हापूर आणि सोलापूर यांच्या बरोबरीने सांगली आणि साताराही त्यांत आहेत. पलीकडे कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. म्हणजे आपल्या तालुक्याच्या पेठेत रापी-आरी घेऊन बसलेला चर्मकार कारागीरही याच परंपरेचा हक्कदार आहे. त्याच्याकडे जाण्यात एक मोठा फायदा आहे. घराजवळ असल्यामुळे तुम्ही दोनदा-तीनदा जाऊ शकता आणि जोड तुमच्याच पायावर बांधून घेऊ शकता.

असा जोड बांधून घेणाऱ्याला काय माहीत असावे, काय बघावे आणि काय मागावे, ते इथे सांगतो. हौसेने स्वतःच्या हाताने साधी वहाण करून पाहायची असेल, त्यालाही हीच मापे आणि हाच क्रम लागतो.

तयार मालाचा नंबर फक्त लांबी सांगतो. इंग्लिश पद्धतीत एका नंबरापासून दुसऱ्या नंबरापर्यंत एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर अंतर असते. चवडा किती रुंद, पाऊल वर किती उंच, अंगठ्याचा सांधा बाहेर आला आहे का, यातले काहीच त्या आकड्यात नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीयांचे पाऊल युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असते, असे त्यातून पुढे आले. आपल्याकडे रानात, अंगणात अनवाणी वावरलेल्या माणसाचा चवडा तर चांगलाच पसरलेला असतो. असा माणूस रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो. मग टाच मागे सरकत राहते आणि पट्टा भलत्याच जागी येतो. पाऊल पुढे घसरते, बोटे चपलेला धरून ठेवायला आवळली जातात आणि संध्याकाळी पोटऱ्या दुखतात.

माप

माप संध्याकाळी द्या. दिवसभर उभे राहून पाऊल थोडे फुगते आणि वहाण त्या फुगलेल्या पावलाला सुखाची असायला हवी. जाड कागद फरशीवर ठेवा आणि त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. आखणी दुसऱ्याने करायची. स्वतः वाकून आखले की भार एका बाजूला जातो आणि आकार बदलतो. पेन्सिल अगदी सरळ उभी धरावी. ती आत कलली तर पाऊल अरुंद निघते, बाहेर कलली तर रुंद. सरळ धरली तरी तिच्या जाडीमुळे रेघ पायापासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर पडतेच. कापताना हे ध्यानात ठेवायचे.

दोन्ही पाय आखा. बहुतेकांचे दोन पाय तंतोतंत सारखे नसतात, आणि कारागिराने एकच पाय आखून दुसरा उलटवून घेतला तर तो फरक कायमचा चपलेत उतरतो. बारीक फरक असेल तर मोठ्या पायाचे माप दोन्हींना धरतात. फरक डोळ्याला दिसण्याइतका असेल तर दोन्ही तळ वेगळे कापायला सांगा. पायावर बांधलेल्या जोडाचा अर्थ तोच आहे.

आखणीवर काही खुणा उभ्या असतानाच करून घ्या. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधली खाच. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला येणारा सांधा आणि त्याच्या समोर करंगळीच्या मुळाशी येणारा सांधा. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे चवड्याची रुंदी, आणि ती तिरकी असते, आडवी सरळ कधीच नसते. चालताना पाऊल याच तिरक्या रेघेवर मोडते, म्हणून पट्टा त्या रेघेच्या मागे राहायला हवा. नंतर शिंप्याचा फीत-टेप किंवा साधा दोरा घेऊन दोन घेर मोजा. एक चवड्यावरून, याच तिरक्या रेघेवर. दुसरा पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून, जिथे पट्ट्याचा मधला भाग बसणार आहे. टेप त्वचेला टेकेल इतकाच ओढायचा. भोवरी, भेग, जुनी जखम, बाहेर आलेले हाड, जे काही असेल ते कागदावर ठिपक्याने दाखवा. संकोच करू नका. कारागिराला ते ठाऊक नसेल तर शिवण नेमकी तिथेच येईल.

पायाची कमान बघायची असेल तर तळवा ओला करून शहाबादी फरशीवर उमटवा. आतल्या बाजूला पोकळ जागा राहिली तर कमान आहे. अख्खा पाय उमटला तर पाऊल सपाट आहे. सपाट पाऊल उभे राहिल्यावर आतल्या बाजूला कलते, म्हणून अशा माणसाने तळ आतल्या बाजूने जरा रुंद ठेवून घ्यावा, नाहीतर पाऊल कडेवरून बाहेर लोंबते.

आखलेल्या रेघेच्या पुढे, बोटांच्या टोकाशी, साधारण अर्धा ते पाऊण सेंटिमीटर मोकळी जागा चपलेला पुरते. टाचेच्या मागे त्याहून कमी. बंद बुटाला पुढे एक सेंटिमीटर किंवा थोडे अधिक लागते, कारण चालताना पाऊल लांबते आणि बुटात त्याला बाहेर पडायला वाट नसते.

कातडे

पारंपरिक कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कमावलेले असते. हिरडा आपल्याच सह्याद्रीच्या रानातला. कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची, तिच्यात हा काढा भरायचा आणि तो झिरपत राहील तसा पुन्हा भरत राहायचा, अशी ती जुनी पद्धत. ढोर समाजातल्या पिढ्यांनी हे काम केले आणि त्यावर चर्मकारांनी वहाणा बांधल्या. गावाने वापरलेल्या प्रत्येक जोडामागे या दोन समाजांचे कष्ट होते आणि गावाने त्यांना त्याचा मान दिला नाही, हे कोल्हापुरीच्या कौतुकाबरोबरच सांगितले पाहिजे.

सालीने कमावलेल्या कातड्याचा गुण असा, की ते ओल आणि ऊब शोषते आणि काही दिवसांत तुमच्या तळव्याचा ठसा घेते. दुसऱ्या कोणत्याही साहित्यात हे इतक्या चांगल्या रीतीने होत नाही. क्रोमने कमावलेले कातडे मऊ आणि पाण्याला जरा टिकाऊ असते, पण तळाला ते लिबलिबीत पडते. विकत घेताना कापलेली कड बघा. खऱ्या कातड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला कापडाचा थर आणि वर पापुद्रा. रंग न दिलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. सालीने कमावलेले कातडे तो हळूहळू पिते आणि तिथे गडद डाग पडतो, जो वाळल्यावर फिका होतो.

मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. त्यामुळे इथल्या कारागिराचा तळ आता मुख्यतः म्हशीच्या कातड्याचा असतो, आणि तो जाड, टणक, तळाला उत्तमच असतो. वेणीला आणि नाजूक कामाला शेळीचे कातडे घेतात. जनावराच्या पाठीकडचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. तळ पाठीच्या भागातून काढला आहे का, हे जरूर विचारा. पट्टा कापताना त्याची लांबी पाठीच्या कण्याच्या दिशेने ठेवावी, कारण त्या दिशेने कातडे कमी ताणते. आडवा कापलेला पट्टा महिनाभरात सैल होतो आणि मग कितीही चांगले माप घेतले असले तरी वाया जाते.

पट्ट्याची ओढ

माझ्या मते साऱ्या कामाचा जीव इथे आहे. तळ आखणीप्रमाणे कापणे कोणालाही जमेल. पट्टा किती ओढायचा, कुठे उतरवायचा आणि अंगठ्याची जागा कुठे धरायची, हे पाऊल तळावर ठेवल्याशिवाय ठरत नाही.

कोल्हापुरीचा तळ एकावर एक थरांचा असतो. पट्ट्याची आणि कानांची, म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या कातड्याच्या पाळ्यांची, टोके वरच्या आणि खालच्या थराच्या मध्ये जातात आणि मग कडेने शिलाई येते. एकदा शिलाई पडली की पट्टा हलवता येत नाही. म्हणून तळ बंद करण्याआधी तुम्हाला बोलवायला सांगा. बहुतेक कारागिरांना याचे नवल वाटत नाही, जुन्या गिऱ्हाइकांची पद्धत हीच होती. घाईच्या दिवसांत मात्र ही एक फेरी गाळली जाते, आणि माझा आग्रह आहे की दुसरी कुठलीही काटछाट करा, पण ही करू नका.

या फेरीत वरचा थर जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहायचे. बसून नाही. आधी अंगठा. अंगठ्याचे कडे बोटाच्या मुळाशी घट्ट रुतू नये आणि नखाशीही येऊ नये. बोटाच्या मधल्या सांध्याच्या मागे ते सैलसर बसावे. मग पट्टा पावलावरून ओढून दोन्ही कडांशी धरायचा. एका जागी उभे राहून तो बरोबर वाटला, तरी टाच उचलून पाऊल मोडून पाहा. पाऊल मोडते तिथे पट्टा काचत असेल तर तो चवड्याच्या फार जवळ आला आहे, किंचित मागे सरकवा. नवीन पट्टा आवळ हवा, पण दुखवणारा नको. पट्ट्याखाली करंगळीचे टोक कसेबसे सरकावे, एवढी ओढ पुरे. सालीचे कातडे वापरात जरा सैलावतेच, आणि पहिल्याच दिवशी मोकळी वाटणारी चप्पल दोन महिन्यांत पायातून निसटते. आतल्या आणि बाहेरच्या कडेला पट्टा जिथे तळाला भेटतो तिथे खडूने खूण. दोन्ही पायांच्या खुणा वेगळ्या येतील. तशाच ठेवायच्या.

मग कारागीर पट्ट्याची टोके रापीने तासून पातळ करतो, म्हणजे थरांच्या मध्ये उंचवटा राहत नाही. हे काम घाईत झाले तर तळव्याला गाठ लागते, आणि ती दिसत नसली तरी पाऊल टाकताच कळते. हात फिरवून बघा.

स्वतः करून पाहणाऱ्यासाठी थोडे अधिक. तळाचे कातडे कापण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवून ओलसर करा, ते रापीला सोपे जाते. कापल्यावर हातोडीने सपाट ठोका. ठोकल्याने तंतू दाटतात आणि तळ झिजायला कणखर होतो. वाळवायचे सावलीत. वरच्या थराला सुमारे तीन मिलिमीटर, खालच्याला चार-पाच आणि पट्ट्याला दोन-अडीच मिलिमीटर जाडी ठीक असते. दोन पायांतला फरक बारीक असल्याने एकच नमुना उलटा करून दुसरा तळ कापत असाल, तर कातड्याची चांगली बाजू वर आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा, नाहीतर दोन डावे तळ हातात येतात. दोन थर चिकटवायला आज सगळे सोल्युशन वापरतात. पण जोड धरून ठेवते ती शिलाई. मेण लावलेल्या जाड सुती दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार काढत जा. असा टाका एका जागी तुटला तरी पुढचे उसवत नाही. जुने कारागीर दोऱ्याऐवजी कातड्याच्याच वादीने शिवत, आणि चांगल्या कामात आजही खिळा वापरत नाहीत. पहिल्या प्रयत्नात वेणी, गोंडा, नक्षी यांच्या मागे लागू नका. वेणी घालणे आणि पट्ट्यावर ठसे पाडणे ही कामे बऱ्याच घरांत बायका करतात आणि ती बोटांत मुरायला बराच काळ लागतो.

बंद बूट हे वेगळे प्रकरण आहे. त्याला फर्मा लागतो, म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा साचा. तुमच्या मापाचा फर्मा नसेल तर जवळच्या मापाच्या फर्म्यावर, जिथे हाड बाहेर आले आहे किंवा पाऊल उंच आहे तिथे, कातड्याचे तुकडे चिकटवून आकार वाढवतात. असे करणारा कारागीर भेटला तर त्याला सोडू नका. घरी शिकण्याची सुरुवात मात्र बुटाने करू नये.

मधुमेह असेल तर

इथे मी थोडे कडक सांगणार आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, पाय बधिर वाटत असेल किंवा पूर्वी जखम होऊन गेली असेल, तर अंगठ्याची कोल्हापुरी बांधून घेऊ नका. टणक तळ, अंगठ्यावरचे कडे आणि मागे मोकळी टाच या तिन्ही गोष्टी अशा पायाला धोक्याच्या आहेत. चप्पल चावते आहे हे कळवणारी वेदनाच तिथे नसते. वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले, की त्यांच्या पायाच्या जखमा मुख्यतः संवेदना गेल्यामुळे, रोजच्या दाबाने आणि घासण्याने होतात. त्या कामातून मऊ रबराच्या तळाची, ज्याला एमसीआर म्हणतात, पादत्राणे रुजली आणि पुढे मधुमेही रुग्णांनाही ती दिली जाऊ लागली. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला वैद्यकीय सेवेची जुनी परंपरा आहे. कुष्ठरोगासाठीचे रिचर्डसन रुग्णालय तिथेच आहे. अशा पायाचे माप आधी डॉक्टरांना दाखवा, दाब कुठे येतो ते विचारा आणि मग कारागिराकडून एमसीआरच्या तळाची, टाचेला पट्टा असलेली, खिळे नसलेली, पुढचे पट्टे वेल्क्रोने कमी-जास्त करता येतील अशी चप्पल बांधून घ्या. नवीन जोड पहिल्या दिवशी अर्धा तास घालावा, काढून पाय नीट बघावा. लाल डाग पडला असेल तर तो जोड तसाच घालत राहू नये, परत न्यावा.

वापर

नवीन जोड चावतो, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे थोडे तेल आणि थोडी सबुरी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि कानांना एरंडेल किंवा शेंगतेल बोटाने चोळून रात्रभर ठेवा. अति तेलाने कातडे सैल आणि जड होते. आधी घरात तास-दीड तास, मग पेठेपर्यंत, मग रानात, असे आठ-दहा दिवस वाढवत न्या. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते. त्या वाटेवर दरवर्षी नव्या चपलांनी सोललेले पाय दिसतात. वारीसाठी जोड बांधायचा असेल तर माप निदान दोन महिने आधी द्या आणि निघण्यापूर्वी तो रोज वापरून मऊ करा. त्यातही पावसात भिजण्याची वेळ येणार असेल तर सोबत रबराची चप्पल असू द्या. सालीचे कातडे पाणी पिऊन फुगते, थर सुटू लागतात. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पावसात कोल्हापुरी घालणे म्हणजे ती मोडायला काढणेच. भिजली तर कापडाने टिपून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की कातडे तडकते. पावसाळ्यात कपाटात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर जागी टांगा.

किमतीविषयी एक मागणे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि कंपनीला प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य करावे लागले. तो संताप योग्यच होता. पण आपल्याच पेठेतल्या कारागिराने दोन वेगळे तळ कापले, आपल्याला दोनदा बोलावून पट्टा ओढून पाहिला, तर त्या वेळेचे पैसे आपण द्यायला हवेत. तयार जोडाच्या भावाशी तुलना करून घासाघीस करू नका. आधी किंमत ठरवा, थोडी उचल द्या आणि काम झाल्यावर लगेच चुकते करा. कारागिराला मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असेल तर १९७४ पासून काम करणाऱ्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे चौकशी करायला सांगा. अर्ज भरण्याला मदत लागली तर ती करा.

टाचेची कड झिजू लागली की लगेच तळाचा तुकडा बदलून घ्या, शिलाईपर्यंत झीज पोचू देऊ नका. आणि मापाचा कागद कारागिराकडेच टाकून येऊ नका. तारीख घालून घरी जपा. वय वाढले, वजन बदलले, बाळंतपण झाले की पाऊल बदलते. दर दोन वर्षांनी ते नव्याने आखून घ्या.